कॅरमची खोली

मुख्याध्यापक म्हणाले, नाव बदला.
'मानसिक' वाचलं की पालक दारात येतील,
विचारतील, आमची पोरं काय वेडी आहेत?
म्हणून रजिस्टरात आम्ही आहोत
इनडोअर गेम्स, बुधवार, शेवटचा तास.

खोली मिळाली क्रीडासाहित्याची.
लेझमी, उसवलेली गादी, हवा गेलेले दोन व्हॉलीबॉल
आणि एक कॅरम, ज्याची राणी आमच्या आधीच हरवलेली.
खिडकीतून खाडी दिसते. ओहोटीला नुसता चिखल,
त्यात कलंडलेली होडी,
आणि पलीकडच्या वाडीतली मुलं दप्तरं मांडीवर घेऊन
पाणी चढायची वाट बघत.

पहिल्या बुधवारी मी आणि बिर्जे मॅडम.
दुसऱ्या बुधवारी मी, बिर्जे मॅडम आणि एक पाल.
तिसऱ्या बुधवारी सुहेल मुकादम, नववी ब.
'कॅरम हाय काय?'
होडी सुटायला पाऊण तास होता.
त्यानं सोंगट्या मांडल्या, राणीच्या जागी शर्टाचं बटण.
मी काही विचारलं नाही.
ओरोसच्या शिबिरात दोन दिवस हेच तर शिकवलं,
आणि अजून तेच जमत नाही.
सहावी सोंगटी घालवून तो म्हणाला,
'बाबा बोटीवर असले की रात्री फोन वाजतो असं वाटतं.
वाजत नसतो. तरी उठून बघतो.'
आणि लगेच, 'तुझी पाळी.'

ज्यांना बोलायचं नाही त्यांच्यासाठी आंब्याची पेटी.
कडेला शाईनं छापलेलं: पाच डझन, दर्जा एक.
धाकूमामांनी झाकणाला फट पाडून दिली,
पेंढा काढायचा मात्र राहिला.
चिठ्ठ्या निघतात त्या पेंढ्यासकट.
'आवाज फुटल्यापासून मी वर्गात धडा वाचत नाही.'
'घरात सगळं नीट आहे, मग रडू का येतं?'
'नव्वद टक्के नाही पडले तर काका फी देणार नाहीत.'
'कॅरमची राणी माझ्याकडे आहे. सॉरी.'

नियम दोनच.
उपाय सांगायचा नाही.
इथलं इथेच ठेवायचं.
दुसऱ्या नियमाला एक फट आहे, पेटीला आहे तशी,
ती आम्ही पहिल्याच दिवशी सगळ्यांना दाखवतो.
पण दाखवणं वेगळं.

उत्कर्षा आडकर धक्क्यावर म्हणाली,
'माका आता जगूचाच नाय. कोणाक सांगशीत तर बघ.'
तिनं माझा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवला.
केस खारे, चिकट. खाली पाणी चढत होतं.
तिची होडी पलीकडे लागेपर्यंत मी उभी राहिले,
मग धावले.
बिर्जे मॅडम मागीलदारी मुळे साफ करत होत्या.
विळी तशीच सोडून उठल्या.
त्या रात्री तिची आई जागी राहिली.
मंगळवारी जिल्हा रुग्णालय, नंतर दर पंधरवड्याला.

एक्केचाळीस दिवस उत्कर्षा माझ्याशी बोलली नाही.
बाक बदलला.
मधल्या सुट्टीत माझ्या भूगोलाच्या वहीवर
मोठ्या अक्षरात लिहून गेली: चोंबडी.
पेन इतकं दाबलं होतं की पुढची तीन पानं उमटली.
शाई बोटाला लागली. ओली होती.
म्हणजे आत्ताच लिहिलेलं, तिनं, आज.
ती वही मी अजून जपून ठेवली आहे.

या बुधवारी आम्ही सातजण.
ती दाराच्या चौकटीला टेकून उभी.
'बटणान खेळतास? राणी खंय गेली?'
मी म्हटलं, 'हरवली.'
ती आत आली नाही.
गेलीही नाही.
बाहेर पाणी धक्क्याच्या तिसऱ्या पायरीला लागलं,
होडीवाल्यानं हाक दिली,
आणि सुहेल खिडकीतून ओरडला,
'थांबा हो जरा, डाव बाकी हाय!'